पहिली उडी आमच्या घरची

लग्नकार्यात माझी ओळख करून देताना माझं नाव क्वचितच कुणी घेतं. "हे त्या फास्ट बोलरचे मोठे भाऊ," एवढंच म्हणतात. समोरचा माणूस आधी माझ्या पोटाकडे बघतो, मग चेहऱ्याकडे, मग खात्री करायला पुन्हा पोटाकडे. त्याच्या मनात काय चाललंय ते मला कळतं. एकाच आईच्या दोन मुलांपैकी एकानं चेंडू इतक्या जोरात टाकावा की कीपरला मागे सरकावं लागावं, आणि दुसऱ्याला रिक्षातून उतरताना धाप लागावी, हे कोडं मलाही सुटलेलं नाही. पण गेली कित्येक वर्षं मी त्या ओळखीवर जेवतो आहे. पंगतीत जिलेबी माझ्या पानापाशी जरा जास्त रेंगाळते. मी नको म्हणत नाही.

धाकटा माझ्यापेक्षा बराच लहान. आमचं घर पंचवटीत, भाजीबाजाराकडून देवळाकडे जाणाऱ्या एका बोळात. समोरून रिक्षा आली की स्कूटरवाल्यानं कुणाच्या तरी ओट्यावर चढायचं, असा तिथला शिरस्ता. आमचा धंदा फुलांचा. मखमलाबादकडे थोडी जमीन, तिच्यात झेंडू आणि शेवंती, आणि बोळाच्या तोंडाशी आप्पांचं हारांचं दुकान. आप्पा म्हणजे आमचे वडील. मी दहावीनंतर आयटीआय करून अंबडला एका कंपनीच्या पेंट शॉपमध्ये लागलो आणि यथावकाश सुपरवायझर झालो. धाकट्याला मात्र एकच गोष्ट करायची होती. लांबून पळत यायचं आणि चेंडू जिवाच्या आकांतानं टाकायचा. भारताकडून टाकायचा, असं त्यानं अगदी लहानपणीच जाहीर केलं होतं. तेव्हा आम्ही हसलो होतो, कारण त्या वेळी त्याला दुधाचे दोन दात नव्हते.

त्याचं पहिलं मैदान म्हणजे आमचा बोळ. बाजाराच्या टोकाला कोथिंबीरवाल्या मावशींची हातगाडी असायची, तिथून त्याची धाव सुरू व्हायची. दोन्ही बाजूंना भिंती. हात जरा बाजूला गेला की कोपर खरवडून निघायचं, म्हणून तो हात कानाला लावून सरळ वर नेऊ लागला. पुढे टीव्हीवरचे जाणकार त्याच्या त्या उंच, सरळ हाताचं फार कौतुक करायचे. ही ऍक्शन कुणी घडवली, असं एका मुलाखतीत त्याला विचारलं, तेव्हा तो म्हणाला, घरासमोरच्या भिंतीनं. मुलाखत घेणाऱ्याला वाटलं, मुलगा विनयशील आहे.

फलंदाज म्हणून समोर मी. मी त्याचा पहिला फलंदाज होतो हे मी अभिमानानं सांगतो, आणि मी बॅट स्वसंरक्षणासाठी धरायचो हे सांगायचं टाळतो. टेनिसचा ओला चेंडू मांडीवर बसला की जो आवाज येतो, तो मला अजूनही झोपेत ऐकू येतो.

आप्पांना क्रिकेटमधलं काही कळत नव्हतं. दुकानात हार ओवता ओवता ते मान वर करून बघायचे आणि दर वेळी एकच विचारायचे, "एवढं लांबून कशाला पळत येतो रे? हितून टाक ना, जवळून." आमच्यापैकी कुणालाच त्यांना पटेल असं उत्तर कधी देता आलं नाही. खरंच की. तीच वस्तू, तोच माणूस, तीच जागा. मग कोथिंबिरीपासून कशाला यायचं?

आता रहाडीबद्दल सांगायला हवं, कारण धाकट्याचं सगळं क्रिकेट त्या खड्ड्यातून वर आलं.

नाशिकबाहेरच्या माणसाला रहाड सांगताना मी आधीच हात टेकतो. चौकात रस्त्याखाली एक दगडी हौद असतो. पुरुषभर उंचीपेक्षा खोल. वर्षभर त्याच्यावर जाड फळ्या आणि माती, आणि त्यावरून रिक्षा, बैल, वराती सगळं जातं. रंगपंचमीला तो उघडतात, धुतात, पाण्यानं भरतात, आणि त्यात फुलं उकळून केलेला रंग ओततात. पूजा होते, आणि मग माणसं काठावरून धावत येऊन आत उड्या टाकतात. त्या उडीला आमच्याकडे धप्पा म्हणतात. पाणी जेवढं लांब उडेल तेवढी उडी भारी. प्रत्येक रहाडीचा रंग वेगळा आणि मानकरी वेगळे. आमच्या चौकातल्या रहाडीचा रंग पिवळा. पळसाची फुलं उकळायचं काम आमच्या घराकडे, आणि त्याबरोबर आलेला मानही. पहिली उडी आमच्या घरची. ती पडल्याशिवाय दुसऱ्या कुणी पाण्याला पाय लावायचा नाही.

आप्पांनी ती उडी वर्षानुवर्षं मारली. मग त्यांचा गुडघा धरला, आणि मान थोरल्या मुलाकडे आला. म्हणजे माझ्याकडे.

त्या दिवसाचं वर्णन माझ्या घरात माझ्यापेक्षा बाकीचे सगळे चांगलं करतात. मी काठावर उभा राहिलो. नारळ फुटला, ढोल वाजले, लोक ओरडले. मी खाली बघितलं. पिवळं पाणी माझ्याकडे बघत होतं. ढोलवाले दमून थांबले, पुन्हा सुरू झाले. शेवटी मी काठावर बसलो, पाय आत सोडले आणि भिंतीला धरून हळूच आत गेलो. एक थेंब बाहेर उडाला नाही. आप्पांनी टोपी काढली, झटकली, पुन्हा घातली आणि म्हणाले, "तू उडी नाय मारली. तू उतरला."

पुढच्या वर्षीपासून मान धाकट्याकडे गेला. तो कोथिंबिरीच्या गाडीपासून पळत आला आणि समोरच्या घराच्या गॅलरीत उभ्या असलेल्या बायका भिजल्या.

नव्वदच्या दशकाचा उत्तरार्ध असेल. धाकटा जिल्ह्याकडून खेळायला लागून बरेच दिवस झाले होते, पण पुढे सरकत नव्हता. राज्याच्या निवडीला पुण्याला जायचा, बरी गोलंदाजी करायचा आणि परत यायचा. जिल्ह्याचे सर हळहळायचे. म्हणायचे, तिथे सगळे पांढऱ्या कपड्यातले, सगळे सारखेच दिसतात, आपल्या पोराचं नाव कुणाच्या लक्षात राहत नाही. त्या वर्षी घरात ठरलं. यंदा राज्याच्या शिबिरात नाव आलं नाही तर अंबडला माझ्या कंपनीत हेल्पर म्हणून चिकटायचं. मी साहेबांशी बोलूनही ठेवलं होतं. धाकटा हो म्हणाला, आणि नंतरचे दोन दिवस बोळात अंधार पडेपर्यंत चेंडू टाकत राहिला.

निवड चाचणीचा निरोप शेजारच्या एसटीडी बूथवर आला. तारीख ऐकली आणि आईनं भिंतीवरचं कॅलेंडर खाली काढलं. चाचणी रंगपंचमीच्या दुसऱ्या दिवशी सकाळी, पुण्याला.

उडी मारू नकोस असं म्हणायची कुणाची छाती नव्हती. मी मारतो असं मी म्हणून बघितलं. आप्पांनी माझ्याकडे पाहिलंही नाही. धाकटा शांत होता. म्हणाला, दुपारी उडी मारतो, अंघोळ करतो, संध्याकाळची एसटी पकडतो. अडचण एकच होती. पळसाचा उकळलेला रंग अंगावरून सहजासहजी जात नाही. चार-पाच दिवस तरी कानामागे, मानेवर, नखांत राहतो.

इथे मी पुढे सरसावलो. रंगाचं मला कळतं, असं मी सगळ्यांसमोर म्हणालो. आयुष्य रंगात चाललंय माझं.

उडी झकास झाली. आप्पांच्या टोपीवरून पाणी ओघळलं, एवढं सांगितलं की पुरे. मग धाकट्याला मी मागच्या मोरीत बसवलं. साबण लावून बघितला, बेसन लावून बघितलं, लिंबू झालं. रंग थोडा फिका झाला, पण होता. तेव्हा मला कंपनीतली युक्ती आठवली. आमच्याकडे पत्र्याचा पार्ट सोड्याच्या गरम पाण्यातून काढतात. तेल, ग्रीस, हातांचे ठसे, सगळं स्वच्छ निघतं. मी घंगाळात गरम पाणी घेतलं, त्यात धुण्याचा सोडा सढळ हातानं टाकला आणि धाकट्याला डोक्यापासून पायापर्यंत त्यानं चोळून काढलं.

आधी मला वाटलं, मोरीतला बल्ब पिवळा आहे म्हणून तसं दिसतंय. मग धाकट्याला अंगणात आणला. तो पिवळा राहिला नव्हता. तो केशरी झाला होता. कान, मान, गाल, दंड, सगळं एकसारखं, कुठे डाग नाही, कुठे फिकं नाही. माझ्या पेंट शॉपमध्ये असा फिनिश निघाला असता तर साहेबांनी पाठ थोपटली असती. आणि त्याच क्षणी मला आठवलं की पार्ट सोड्यातून का काढतात. रंग पक्का बसावा म्हणून काढतात.

आई दारात येऊन उभी राहिली. त्याला खालपासून वरपर्यंत बघून म्हणाली, "आता वार्निशपण मार." आणि डबा भरायला आत गेली.

पुण्याच्या एसटीत आम्हाला जागा भरपूर मिळाली. लोक आमच्यापासून सरकून बसत होते. नारायणगावपाशी पुढच्या सीटवरच्या एका आजीबाईंना राहवलं नाही. त्यांनी मला काविळीवर रानातलं औषध देणाऱ्या एका माणसाचा पत्ता दिला आणि उसाचा रस पाज म्हणाल्या. मी समजवायला गेलो तर म्हणाल्या, पहिल्यांदा सगळे असंच म्हणतात. धाकटा खिडकीबाहेर बघत होता. मला वाटलं रडतोय. जवळून बघितलं तर ओठ हलत होते. तो धावेची पावलं मोजत होता.

सकाळी मैदानावर तीस-चाळीस मुलं पांढऱ्या कपड्यांत आणि त्यांत हा. निवड समितीतले एक वयस्कर गृहस्थ छत्री घेऊन खुर्चीवर बसले होते. त्यांनी धाकट्याला बोलावलं. मी मागे तीन हात अंतरावर, हातात डबा. त्यांनी आधी तब्येतीची चौकशी केली, मग लक्षात आलं तसा चेहरा कडक झाला. काल रंग खेळत होतास? आज चाचणी आहे हे माहीत असून? मला वाटलं संपलं. अंबडचा हेल्पर.

धाकटा म्हणाला, "खेळलो नाही सर. मान होता आमच्या घरचा."

त्यांनी कसला मान विचारलं, तेव्हा यानं रहाड सांगायला सुरुवात केली. मला सांगताना जमत नाही ती गोष्ट त्यानं दोन्ही हात वापरून सांगितली. खोली दाखवली, काठ दाखवला, कुठून पळत येतो ते दाखवलं. म्हातारे ऐकत होते. शेवटी त्यांनी एवढंच विचारलं की तेवढ्या लहान खड्ड्यात पळत येऊन बरोबर मधोमध पडता येतं का. धाकटा म्हणाला, नाही पडलं तर डोकं फुटतं. ते म्हणाले बरं, आणि त्याचा नंबर सगळ्यात शेवटी लावला.

दुपार झाली, ऊन कडक झालं. चेंडू जुना, खेळपट्टी मेलेली. समोर पुण्याचा एक नामी फलंदाज, दिवसभर सगळ्यांना धुऊन कंटाळलेला. त्याला आमचा फुलांचा धंदा माहीत असायचं काही कारण नव्हतं, पण तो म्हणाला, "ये झेंडू. हळू टाक हां, पाकळ्या पडतील." आजूबाजूचे सगळे हसले. खरं सांगायचं तर मीही हसलो, कारण दिसतच होता तसा.

धाकट्यानं पावलं टाकत टाकत मागे जायला सुरुवात केली. खूप मागे गेला. मला वाटलं परत एसटी स्टँडवर चालला. मग वळला आणि आला. केशरी मान, केशरी हात, कानाला लागून सरळ वर गेलेला. चेंडू पडला कुठे ते मला दिसलं नाही, पण फलंदाजाची मान झटकन मागे गेली ती दिसली. कीपरनं तो छातीपाशी कसाबसा धरला, हातमोजा काढून तळहात बघितला आणि मागे सरकून उभा राहिला. पुढच्या चेंडूला बॅट हातात फिरली. त्याच्या पुढच्याला फलंदाज एक पाय बाजूला घेऊन उभा राहिला, आणि ते त्याचं त्यालाही आवडलं नसावं. आता कुणी हसत नव्हतं. त्याचा वाटा संपला तेव्हा छत्रीवाल्यांनी हात वर करून त्याला थांबू नकोस अशी खूण केली.

संध्याकाळी निवडलेल्यांची नावं वाचली. शेवटी ते कागदावरून मान वर करून म्हणाले, आणि तो नाशिकचा केशरी. नाव त्यांनाही आठवत नव्हतं. पण या वेळी ते आठवायची गरज नव्हती.

जिल्ह्याचे सर आजही म्हणतात की ती निवड गुणवत्तेवर झाली. मी त्यांचा आदर करतो, म्हणून सोड्याचा विषय काढत नाही.

तिथून पुढे गाडी वेगानं सुटली. राज्याच्या संघात दोन-तीन मोसम झाले आणि नव्या शतकाच्या सुरुवातीला एका दुपारी टीव्हीवर भारतीय संघाची नावं आली, त्यांत शेवटून दुसरं नाव आमच्या घरचं होतं. आईनं ते तीनदा वाचायला लावलं. बोळात ढोल आले, म्हणजे रहाडीचेच ढोल. कोथिंबीरवाल्या मावशींनी त्या दिवशी सगळ्यांना जुडी फुकट दिली. संघात त्याचं टोपणनाव झेंडूच पडलं होतं, पुण्याच्या त्या फलंदाजाच्या कृपेनं. दिल्ली-पंजाबकडची मुलं अर्थ न कळता तेच म्हणायची, आणि आप्पांना वाटायचं की देशभर आपल्या मालाची जाहिरात होतेय.

त्याचा पहिला सामना आम्ही ओट्यावर टीव्ही आणून बघितला. अर्धा बोळ रस्त्यावर बसला होता, रिक्षा पलीकडून वळवल्या होत्या. भारताचा शर्ट घालून तो धाव घ्यायला मागे चालत गेला तेव्हा मी डोळे पुसले. चिवडा तिखट झालाय म्हणून खपवलं. आई त्याच्या चेंडूकडे बघायचीच नाही. ती फक्त त्याचा पाय टेकताना बघायची आणि प्रत्येक वेळी श्वास सोडायची. तिसऱ्या की चौथ्या षटकात त्याला बळी मिळाला. फलंदाजाच्या बॅटची कड, आणि मागे सोपा झेल. बोळातून जो आवाज निघाला त्यानं देवळावरची कबुतरं उडाली. आप्पा हातातला अर्धा हार तसाच धरून टीव्हीकडे बघत होते. आता तरी काहीतरी बोलतील असं वाटलं. ते म्हणाले, "आता तर अजूनच लांबून यायला लागला हा."

तो दौऱ्यावर असला की रंगपंचमीची पहिली उडी पुन्हा माझ्याकडे यायची. बदली खेळाडू. लग्न झालेलं, मुलगी गॅलरीतून बघतेय, आता भिंतीला धरून उतरणं शक्य नव्हतं. डोळे मिटून पळायचो आणि पडायचो. वजन वाढत गेलं तसा धप्पा सुधारला, हे मी नम्रपणे नमूद करतो. संध्याकाळी परदेशातून त्याचा फोन यायचा. सामना कसा झाला हे आम्ही विचारायच्या आधी तो विचारायचा, "दादा, उडी मारलीस की उतरलास?"

तीन-चार वर्षं अशी गेली. मग त्याची पाठ गेली.

फास्ट बोलरच्या पाठीचं काय होतं ते डॉक्टरांनी आम्हाला प्लास्टिकचा मणका हातात घेऊन समजावलं. हाडाला बारीक चीर. वर्षभर गोलंदाजी बंद, उड्या बंद, पळणं बंद. तो पंचवटीत परत आला आणि खोलीत सतरंजीवर सरळ पडून राहिला. टीव्हीवर त्याच्या जागी दुसरा मुलगा टाकत होता, आणि चांगला टाकत होता. धाकटा मन लावून बघायचा आणि चांगल्या चेंडूला चांगला म्हणायचा. मला ते ऐकवायचं नाही. मी चॅनल बदलायचो, तो पुन्हा लावायला सांगायचा.

बरं वाटू लागल्यावर तो दुकानात आप्पांच्या शेजारी उभा राहायला लागला. हार घ्यायला येणारे लोक त्याला बघून थबकायचे आणि विचारायचे, परत कधी? तो विचारायचा, हार लहान देऊ की मोठा? बोळातल्या प्रत्येकाकडे त्याच्या पाठीवर इलाज होता. तो सगळ्यांचं ऐकून घ्यायचा. एकदा मात्र माझ्याजवळ म्हणाला की संघात घेतलं नाही तरी चालेल, पण एकदा पूर्वीसारखा जोरात चेंडू टाकून मग थांबायचंय. हळू टाकता टाकता थांबायचं नाही. मी बरं म्हणालो. याच्यावर सोडा चालणार नव्हता.

दीड वर्षानं, हिवाळा संपता संपता, राज्याच्या संघाचा एक सामना नाशिकलाच लागला. त्र्यंबक रोडकडच्या मैदानावर. डॉक्टरांनी परवानगी दिली होती, पण धाव निम्मी करायला सांगितली होती. पाठीवर ताण कमी येतो म्हणून. आप्पा आयुष्यात पहिल्यांदा मैदानावर सामना बघायला आले. धोतर, कोट, टोपी आणि मांडीवर शेवंतीचा हार, कारण रिकाम्या हातानं कसं जायचं.

धाकटा गोलंदाजीला आला. टाळ्या पडल्या. छोटी धाव, चेंडू सरळ, जागच्या जागी. फलंदाजानं तो आरामात ढकलला. दुसरा तसाच. तिसऱ्याला चौकार. कीपर स्टंपच्या अगदी जवळ येऊन उभा राहिला होता. आमच्या मागे बसलेला एक गृहस्थ सोबतच्या माणसाला म्हणाला की संपला हा आता, नावावर खेळतोय. एरवी मी मागे वळून माझी ओळख दिली असती. त्या दिवशी पहिल्यांदाच मी कुणालाही सांगितलं नाही की तो माझा भाऊ आहे. पायांकडे बघत बसलो.

आप्पा कपाळावर हात धरून उन्हात बघत होते. मला म्हणाले, "आज हा एवढ्या जवळून का टाकतोय?"

मी डॉक्टरांचं सांगितलं, ताणाचं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं. षटक संपलं आणि धाकटा क्षेत्ररक्षणाला सीमारेषेवर आला, नेमका आमच्या समोर. आप्पा उठले. हार माझ्या मांडीवर ठेवला आणि गुडघा सांभाळत पायऱ्या उतरून दोरीपर्यंत गेले. मी मागे धावलो, म्हणजे माझ्या परीनं धावलो. तिथला शिपाई त्यांना अडवायला आला, पण टोपी बघून थांबला.

आप्पा मोठ्यानं बोलले नाहीत. भाजीबाजारात भाव सांगतात त्या आवाजात म्हणाले, "काय रे, उडी मारायला आला का उतरायला?"

धाकटा वळला. तेवढ्यात चेंडू त्याच्या बाजूला आला, तो त्यानं अडवला, फेकला आणि पुन्हा वळला. "पाठ आहे आप्पा," तो म्हणाला.

"पाठ तुझी हाय. तिला इचारून घे. पण टाकायचं तर लांबून ये."

पुढच्या षटकाला त्यानं आपली धावेची खूण उचलली आणि मागे चालू लागला. जुन्या जागेपर्यंत, आणि मला वाटतं त्याच्याही थोडा मागे. मग तो आला. त्याला येताना बघून मला बोळ दिसला, दोन्हीकडच्या भिंती दिसल्या, कोथिंबिरीची गाडी दिसली. शेवटच्या पावलाला तो जमिनीवरून सुटला आणि हात कानाला लागून वर गेला. चेंडू कीपरच्या डोक्यावरून गेला. चक्क चार धावा बाय. आणि त्या वाया गेलेल्या चेंडूवर नाशिककर उभे राहिले. कीपरनं चेंडू आणून दिला आणि निमूटपणे लांब मागे जाऊन उभा राहिला.

आप्पा परत जागेवर येऊन बसले आणि स्वतःशीच मान हलवत म्हणाले की आता समजलं. हा चेंडू टाकत नाही, धप्पा मारतो, आणि धप्पा मारायला लांबून यावंच लागतं.

त्या दिवशी त्यानं चार गडी बाद केले. मागच्या गृहस्थांना मी नंतर आवर्जून माझी ओळख दिली. जाताना त्यांनी माझ्या पोटाकडे बघितलं आणि शेवंतीच्या हाराकडे बघितलं. हार मी उत्साहात स्वतःच्याच गळ्यात घातला होता.

भारतीय संघात परत येऊन तो आणखी एक मोसम खेळला. मग एका सकाळी त्यानं स्वतःच फोन करून सांगितलं की पुरे. पाठ कुरकुरायला लागली होती, पण अजून वेग होता. तो वेग असतानाच त्याला थांबायचं होतं. किती सामने, किती बळी, असं लोक मला विचारतात आणि आकडा ऐकून जरा हिरमुसतात. मी हिरमुसत नाही. या गावातून, या बोळातून गेलेल्या पोरानं शेवटचा चेंडूही लांबून येऊन टाकला.

त्या वर्षीच्या रंगपंचमीला तो घरी होता. मी सवयीनं सकाळीच डोक्याला तेल लावून तयार बसलो होतो. तो आला आणि म्हणाला, दादा, तू आज बाजूला हो. आईनं विचारलं, डॉक्टरांना विचारलंस का. तो म्हणाला विचारलं. डॉक्टर काय म्हणाले, ते सांगितलं नाही. आप्पा पूजेला बसले होते. त्यांनी नारळ फोडला आणि बोळाच्या टोकाकडे बघितलं. कोथिंबीरवाल्या मावशी आता थकल्या होत्या, पण गाडी तिथेच होती. धाकटा तिच्यापर्यंत गेला, तिला हात लावला आणि वळला. गर्दी आपोआप दोन भिंतींसारखी उभी राहिली.

मी काठावर होतो, म्हणून पूर्ण भिजलो. माझी मुलगी गॅलरीत, तीही भिजली. आप्पांच्या टोपीवरून पाणी ओघळलं आणि त्यांनी ती झटकली नाही.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी गावानं त्याचा सत्कार ठेवला होता. पुण्याचे मोठे पाहुणे येणार होते. मी त्याला म्हणालो की घरात सोडा आहे, हवा असेल तर पाणी तापवतो. तो मोरीच्या दारात अंग पुसत उभा होता, कानापर्यंत पिवळा. त्यानं घंगाळ पुढे सरकवलं आणि खाली बसला.

"चोळ," म्हणाला. "नीट, एकसारखा."